बाळाबाईंनी झोपू न दिलेली वाईन

मी एक जुनी लाल वाईन आहे. जुनी म्हणजे दहा वर्षांची. माणसांत या वयाची पोरं बाहीला नाक पुसतात. आमच्यात या वयाला लोक चष्मा पुसून बघतात. मित्रांनो, मला प्यायचं तुमचं वय नाही, पण माझं ऐकायला वयाची अट नाही, तेव्हा निवांत बसा. मी मात्र कधीच निवांत नव्हते. आता बाटलीच्या बुडाशी दोन बोटं उरले आहे आणि तेवढ्यात सगळी हकिगत सांगून टाकायची आहे.

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला, जिथून राजगड समोर दिसतो, तो उतार माझं माहेर. तिथे पूर्वी नाचणी व्हायची. सावळाराम हे घरचे कर्ते. त्यांची सून नूतन द्राक्षांचं शिकून आली आणि तिने त्या उतारावर वेली लावल्या. खालच्या तुकड्यातली वाईन दरवर्षी टेम्पोत बसून पुण्याला जाते आणि वर्षाच्या आत संपते. सुखी जीव! वरच्या तुकड्यात नुसता खडक. तिथल्या वेली मूठभर घड देतात, तेही बारके, जाड सालीचे, तोंड आवळून टाकणारे. मी त्या वेलींची लेक.

सावळारामांच्या डोळ्यांत तो तुकडा पहिल्यापासून खुपायचा.

"सूनबाई, ह्या येली देत्यात काय? मूठभर गोट्या. उपटून टाकू."

"मामा, यांची वाईन आत्ता तुरट लागते. दहा वर्षं पडून राहू दे, मग बघा."

"धा वर्षं? आगं, तवर मीच पिकून गळंन!"

"मग दोघं बरोबरच पिका."

सासरे हसले नाहीत, पण हरले. ठरलं असं, की पहिल्या सालच्या बारा बाटल्या ठेवायच्या आणि दहा वर्षांनी सावळारामांनी ती वाईन चाखायची. पसंत पडली तर वेली राहतील. नाही पडली तर कुदळ.

म्हणजे बघा, माझी आई रानात राहणार की चुलीत जाणार, हे माझ्यावर होतं. आणि त्यासाठी मी करायचं काय? तर काहीच नाही. डोंगरात खोदलेल्या गार, अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. बूच ओलं राहावं म्हणून आडवं, आणि गाळ बसावा म्हणून न हलता. परीक्षा एवढी मोठी आणि अभ्यास म्हणून झोपा काढा! अशाने कुणाला झोप लागेल?

मला तर लागूच दिली नाही. कुणी? बाळाबाईंनी.

बाळाबाई म्हणजे सावळारामांच्या कारभारीण. त्यांच्या कैरीच्या लोणच्याला पार कामथडीपर्यंत नाव आहे. लोणच्याची बरणी हलवली नाही तर वरच्या फोडींना बुरशी धरते, हे सासूकडून मिळालेलं ज्ञान त्यांनी आयुष्यभर पाळलं. नूतन आठवडी बाजाराला गेली की त्या हळूच आमच्या खोलीत यायच्या. एकेक बाटली उचलायची, दोन्ही हातांनी चांगली घुसळायची आणि जागच्या जागी ठेवायची.

"आगं बया, कशी निपचित पडलीय! पोरीला लई कामं, ती इसरती. पर म्या हाय न्हवं."

दहा वर्षांत त्यांनी एक बाजार चुकवला नाही. गाळ जरा खाली बसतो न बसतो तोच पुढचा बाजार यायचा. मी आतून ओरडायचे, पण बूच घट्ट होतं आणि बाळाबाईंचे कान मंद. वर एवढ्या मायेनं हलवायच्या, की रागावण्याचीही सोय नव्हती.

आठवड्यापूर्वी तो दिवस उजाडला. सावळाराम धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसले. नूतनने माझी एक बहीण उघडली आणि पेल्यात ओतली. पेल्यात ओढ्याचं गढूळ पाणी उतरल्यासारखं झालं. सावळारामांनी घोट घेतला आणि बराच वेळ जबडा हलवत राहिले.

"सूनबाई, ही चावावी लागतीया."

नूतनचा चेहरा उतरला. "मामा, गाळ बसायला हवा होता. कुणी हलवल्याशिवाय असं होत नाही."

"कुदळ कुठं ठिवलीय?" सावळारामांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. ठरलं होतं म्हणून विचारत होते, आणि त्याचाच मला धसका बसला.

"कुदळ ऱ्हाऊ द्या," बाळाबाई दारातून म्हणाल्या. "म्याच हलवत हुते. दर बाजारला."

"आत्या! ते काय लोणचं आहे?"

"आता मला काय ठावं? बाटलीत भरून अंधारात ठिवलं, फकस्त मीठ न्हाई घातलं. म्हनलं, कुनीतरी काळजी घ्यावी."

सावळारामांनी बायकोकडे बघितलं, मग सुनेकडे. "इलाज हाय का काय?"

"एक बाटली आठवडाभर उभी ठेवते. गाळ बुडाशी जाईल. पण कुणी बोटसुद्धा लावायचं नाही."

सगळे बाळाबाईंच्या बोटांकडे बघू लागले.

ती बाटली म्हणजे मी. ते दिवस कसे काढले, माझं मला माहीत. 'बसा रे, बसा,' म्हणून एकेका कणाला विनवत होते. अशात बाजाराचा दिवस आला. नूतन गेली. दार करकरलं. बाळाबाई आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे हात उठले, दहा वर्षांच्या सवयीने पुढे आले, आणि माझ्या गळ्यापाशी थबकले. मग त्यांनी ते मागे घेतले, पदरात घट्ट गुंडाळले आणि खाली फतकल मारली.

"बस बाई, निवांत बस. म्या बी बसते."

नूतन परत येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. मी गाळ आवरत होते, त्या हात आवरत होत्या. त्या दुपारी मला जन्मात पहिल्यांदा डुलकी लागली.

आज नूतनने मला श्वास रोखून उचललं आणि हळूहळू ओतलं. पेल्यात मी स्वच्छ, कडेला मुरलेली विटकरी झाक. सावळारामांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"मामा?"

"थांब. आजून येतीया."

मग डोळे उघडून म्हणाले, "वरच्या तुकड्याचं कुंपण मोडलंय. रानडुकरं शिरतील. उद्याच नीट करून घ्या." आणि रिकामा पेला पुढे केला.

मित्रांनो, लोणचं जरूर हलवा. पण रोपटं लावलंत तर मूळ किती वाढलं ते बघायला रोज उपटू नका. काहींची काळजी हात लावून घेतात, काहींची हात मागे ठेवून. हे आई-बाबांनाही वाचून दाखवा. निकालाच्या आधी दाखवलंत तर जास्त उपयोग होईल.

आता थांबते. बाळाबाईंनी मला उजेडात धरलंय.

"नूतन, ह्यात आता निस्ता गाळच ऱ्हायलाय न्हवं?"

"हो, आत्या."

"मग हलवू?"

नूतन हसली. "हलवा."

खरं सांगू? हलल्याशिवाय मलाही आठवडाभर करमलं नव्हतं.