थर्ड शिफ्टचे बूट

गिरजाबाईंच्या दाराबाहेर सेफ्टी शूजचा एक जोड कायम असायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा ज्योतीराम चाकणच्या कंपनीत होता तेव्हाचा. कंपनीने त्याला गुजरातच्या प्लँटला पाठवलं, बायकोपोरंही मागोमाग गेली, बूट मात्र निगडीतच राहिले. एकट्या बाईच्या दारात पुरुषाचं पायताण असावं, चोराची हिंमत होत नाही, असं गिरजाबाई मनाशी म्हणत. रोज झाडताना बूट थोडे वाकडे करून ठेवत, आत्ताच कुणी काढल्यासारखे. अनोळखी माणूस आला की जाळीच्या दारातून हळूच सांगत, "पोरगं थर्ड शिफ्ट करून आलंय, झोपलंय."

चोराचं आपलं निमित्त. पोरगा आईला टाकून गेला असं बिल्डिंगने म्हणू नये, हे खरं दुखणं.

अशात सरकारने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी नवी योजना काढली. आठवड्याला एक मुलगी घरी येणार, बीपी बघणार, घटकाभर बसणार. बीपीचं गिरजाबाईंना सोयरसुतक नव्हतं. त्यांना ते घटकाभर बसणं हवं होतं. पाहुण्यांचे कप काढून त्या वाट बघत होत्या.

बेल वाजली. दारात बॅग घेतलेली अनोळखी मुलगी. आणि मेल्या जिभेने सवयीने घात केला.

"पोरगं थर्ड शिफ्ट करून आलंय, झोपलंय."

मुलीने बुटांकडे पाहिलं, मोबाइलवर काहीतरी दाबलं. "म्हणजे मुलगा सोबत असतो. झोपू द्या त्यांना, मावशी," असं कुजबुजून ती वरच्या मजल्यावर उद्धवरावांकडे गेली.

"काका, मी स्वरूपा, योजनेतून आलेय. एकटेच असता ना?" वरून आवाज आला. गिरजाबाई जाळीच्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने उद्धवराव चक्क हसले. त्यांचं हसणं या जिन्यात कुणी ऐकलंच नव्हतं. आता खरं सांगावं तर बिल्डिंगभर होणार. न सांगावं तर कप परत कपाटात जाणार.

स्वरूपा खाली उतरली. गिरजाबाईंच्या दारापाशी येताच चवड्यांवर चालू लागली, आवाज होऊ नये म्हणून. ते बघून गिरजाबाईंना राहवेना.

"अगं ए पोरी, थांब!" त्या ओरडल्या. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. उघडू दे. "एकटी हाय मी! पोरगं इथं ऱ्हात न्हाई. येत बी न्हाई."

स्वरूपा बुटांशेजारी चपला काढून आत येऊन बसली.

"नाव काय, मावशी?" तिने विचारलं, अजून दबक्याच आवाजात.

"मोठ्यानं बोल गं," गिरजाबाई म्हणाल्या. "कुणी न्हाई झोपलेलं."