तेलाच्या वाटीत पाहिलेली लेक

घरात मूल जन्माला आलं की आपल्याकडे पहिला फोन कोणाला जातो? आत्याला, मामाला, पेढेवाल्याला. बदलापूर गावातल्या विठाबाईंच्या घरातून तो भटजींना गेला. जन्मवेळ सांगितली आणि पलीकडून उत्तर आलं की मूळ नक्षत्र, पहिला चरण, बापाला वाईट. झालं, पेढ्यांची ऑर्डर रद्द झाली.

विठाबाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. नवरा गेल्यावर भातशेती एकटीने सांभाळून त्यांनी प्रज्वल आणि सोनिया या दोन्ही पोरांना शिकवलं. प्रज्वल डिप्लोमा करून आनंदनगरच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. त्या मुलाच्या जिवाला धोका आहे म्हटल्यावर त्या दुसरं काही ऐकायला तयार नव्हत्या. पण आपण मायेपोटी जेवढे निर्दय होतो, तेवढे रागाच्या भरातही होत नाही. विठाबाईंनी फर्मान काढलं. चंद्र फिरून पुन्हा मूळ नक्षत्रात येईपर्यंत, म्हणजे सत्तावीस दिवस, बापाने लेकीचं तोंड बघायचं नाही. मग शांती करायची, आणि तेव्हाही आधी तेलाच्या वाटीत तिचं प्रतिबिंब बघायचं.

सून स्वप्नाली आणि बाळ यांची रवानगी मागच्या खोलीत झाली. खिडकीला जाड पडदा आणि वर एक पिवळा बल्ब. प्रज्वल घरात असला की त्या खोलीला कडी.

आणि प्रज्वल? हा गडी शाळेत पद्मजाबाईंचा लाडका विद्यार्थी होता. बाई विज्ञान शिकवायच्या, पोरांना बेलवलीच्या शाळेच्या गच्चीवर नेऊन आकाश दाखवायच्या. तारे का लुकलुकतात, आकाशगंगा केवढी आहे, सगळ्याची उत्तरं याला तोंडपाठ. तो मनात हसला आणि गप्प बसला. आईचं मन कशाला मोडायचं, सत्तावीस दिवसांचा तर प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. तुमच्या-आमच्या घरात याला समंजसपणा म्हणतात.

चार-पाच दिवसांत स्वप्नाली दाराआडून सांगू लागली की बाळ पिवळं वाटतंय, नुसतं झोपतंय, नीट पीत नाही. विठाबाई म्हणाल्या की आमच्या घरात सगळी हळदीच्या अंगाचीच असतात. स्वप्नालीने नवऱ्याला विनवलं, एकदा बघा तरी. तेव्हा कुठे तो आईकडे गेला आणि म्हणाला की मला बघू दे. विठाबाईंनी त्यावरही तोड काढली. पितळेची वाटी घेतली, तेलाने भरली, दार किलकिलं करून बाळ आडून धरलं आणि लेकाला वाटीत बघायला सांगितलं.

पितळ पिवळं, तेल पिवळं, बल्ब पिवळा. त्यात एक इवलंसं तोंड शांत झोपलेलं दिसलं.

"सोन्यासारखी हाय का नाय?" विठाबाई म्हणाल्या.

प्रज्वलला भरून आलं. त्याने आनंदाने मान डोलावली आणि तो कामावर निघून गेला. कावीळ झालेल्या लेकीचा पिवळा रंग बापाला दिसू नये, याची याहून पक्की व्यवस्था कोणी केली नसती.

दोन दिवसांनी बाळ विचित्र चिरक्या आवाजात रडायला लागलं आणि पाठीची कमान करू लागलं. नेमक्या त्या दुपारी पद्मजाबाई जुन्या विद्यार्थ्याच्या लेकीला बघायला आल्या. बाईंनी बाळाला उचललं, थेट अंगणात उजेडात नेलं आणि तिच्या नाकावर बोट दाबून बघितलं. रिक्षा बोलवा म्हणून त्या ओरडल्या. प्रज्वल घरातच होता, दारात त्याची मोटरसायकल उभी होती, तो धावतच बाहेर आला. विठाबाई आडव्या आल्या. आधी त्याला गल्लीच्या पलीकडे पाठवा, मग पोरीला न्या, असा त्यांनी हट्ट धरला. आणि तो गेला हो! पोटची पोर तडफडत असताना तो गल्लीच्या वळणावर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, रिक्षा जाईपर्यंत.

दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. रक्त बदलावं लागलं. डॉक्टर म्हणाले की जीव वाचेल, पण उशीर झालाय, कावीळ मेंदूपर्यंत गेली असेल तर काय अधू राहील सांगता येत नाही. काचेपलीकडे बाळ होतं आणि काचेकडे पाठ करून बाकावर प्रज्वल बसला होता. पद्मजाबाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता.

"तारा म्हणजे काय रे?"

तो चमकला. "सूर्यच, बाई. लांब असल्यामुळे ठिपका दिसतो."

"नक्षत्रातले तारे एकमेकांजवळ असतात?"

"नाही. नुसते एका दिशेला दिसतात. कुठला जवळ असतो, कुठला फार लांब. आकृती आपणच जोडलेली असते."

"मूळ कुठे असतं?"

"वृश्चिकाच्या शेपटीत. आपल्या आकाशगंगेचा मध्यही त्याच बाजूला."

"आज दिसतो तो त्याचा उजेड तिथून कधी निघाला?"

"शेकडो वर्षांपूर्वी."

"तेव्हा तुझी पोरगी कुठे होती?"

"नव्हतीच, बाई."

"सगळी उत्तरं बरोबर," बाई म्हणाल्या. "पैकीच्या पैकी मार्क. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला मी माफ करीन. तू मात्र सगळं ठाऊक असून पाठ करून बसलास. आता तरी वळ."

तो वळला. आपली लेक त्याने पहिल्यांदा पाहिली ती काचेतून, नाकात नळी, डोळ्यांवर पट्टी, अंगभर निळा उजेड. तो हुंदके देत राहिला. बाईंनी त्याला गप्प केलं नाही.

मुलगी वाचली. प्रज्वलने शांती केली नाही, आईला तोंडावर नाही म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा. दोन महिन्यांनी बारसं केलं. सोनिया आत्या झाली होती, ती पाळण्यात वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "जिज्ञासा." बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या गडबडीत कोणाचा तरी धक्का लागून पितळेचं ताट फरशीवर पडलं. सगळ्या दचकल्या. बाळ तेवढं शांतपणे छताकडे बघत राहिलं.

पद्मजाबाईंनी ताट उचललं आणि पाळण्यामागे पुन्हा आपटलं. बाळाची पापणी लवली नाही. नाव कानात सांगून झालं होतं, पण ते पोचलंच नव्हतं.

विठाबाई खाली बसल्या. "मूल नक्षत्र भोवलं," त्या पुटपुटल्या.

"तारा तिथेच आहे, विठाबाई," बाई म्हणाल्या. "तो कोणाच्या घरी येत नाही. ही कडी आपण लावली, पडदाही आपणच लावला."

त्यानंतर विठाबाई पाळण्याशी बसून नातीला नावाने हाका मारत राहिल्या.

पुढच्या वर्षी शेजारच्या चंदूला मुलगी झाली, तीही मूळ नक्षत्रावर. चंदूची आई ती पितळेची वाटी मागायला आली, अख्ख्या आळीत तशी जुनी वाटी दुसरी नव्हती. विठाबाईंनी वाटी घेतली आणि स्वतःच तिच्याबरोबर निघाल्या. कडेवर जिज्ञासा होती. चंदूच्या घरी तेल काढून तयार होतं. विठाबाईंनी तेल मोरीत ओतलं आणि वाटीही तिथेच फेकून दिली. ओट्यावर बसलेल्या चंदूचा हात धरून त्यांनी त्याला बाळंतिणीच्या खोलीत नेलं आणि खिडकीचा पडदा ओढून काढला.

"उजेडात बग पोरीला, बाबा. मी वाटीत दाखवली होती," त्या म्हणाल्या. "ही बग माझी नात. मी हिला रोज हाक मारतंय. ती वलून बगत नाय."

मंडळी, तारे किती लांब आहेत, हे आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. ठाऊक असून जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याची किंमत त्याला नाही, घरातल्या सगळ्यात लहान जिवाला मोजावी लागते. म्हणून घरात बोला, वेळेवर बोला, आईचं मन मोडलं तरी बोला. मोडलेलं मन पुन्हा जुळतं. जिज्ञासाला तिचं नाव कधीच ऐकू येणार नाही.