ऊन दाखवलेली बाटली

माझं डोकं अजून तडकलेलं आहे, तेव्हा माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करू नका.

ह्यांच्या अंबरनाथच्या कारखान्यातला गोरा साहेब मायदेशी जाताना ह्यांना एक लांब मानेची बाटली देऊन गेला. हे घरी येऊन म्हणाले, "कुंदा, पोटाचं विलायती औषध आहे. जितकं जुनं तितकं गुणकारी. कोठीत, अंधारात आडवी ठेव." ठेवली. माझ्या मुरांब्याची जागा दिली तिला.

आता घरात जे जे टिकवायचं त्याला वैशाखात ऊन दाखवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. गहू, डाळी, लोणच्याच्या बरण्या, तशीच ही बाटली. दर वर्षी गच्चीवर न्यायची, संध्याकाळी पुसून पुन्हा कोठीत आडवी करायची. हे दिवसभर कारखान्यात, ह्यांना काय पत्ता!

साहेब परत आला आणि आज आमच्याकडे जेवायला आला. ह्यांनी स्वयंपाकघरात बूच काढलं, तर पेल्यात कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी पडलं. एक घोट घेऊन ह्यांनी तोंड वेडंवाकडं केलं.

"आंबलीय! काय केलंस हिला?"

"ऊन दाखवलं. दर वैशाखात."

"अक्कल आहे का तुला? पांढरी वाइन होती ती! थंडगार करून द्यायची असते!"

"वाइन म्हणजे?"

"दारू गं. द्राक्षांची."

माझ्या हातातली पळी खाली पडली. दारूबंदीचे दिवस. साहेबाकडे परवाना, आमच्याकडे काय? आणि गच्चीवर माझ्या शेजारी पापड वाळत घालायला कोण असायचं? खालच्या मजल्यावरच्या फौजदारांची बायको, उमावहिनी! तिच्या पापडांवरचं फडकं वाऱ्यानं उडू नये म्हणून मी त्यावर हीच बाटली ठेवत होते.

"पोलीस आले असते तर मला नेलं असतं. बाटली माझ्या हातात होती."

"हळू बोल, साहेब बाहेर बसलाय. खरं सांगितलं असतं तर तू घरात ठेवू दिली नसतीस."

"नसतीच दिली! म्हणून खोटं सांगितलंत?"

इतकी वर्षं संसार करून ह्या माणसाला मला खरं सांगावंसं वाटलं नाही. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

हे मान खाली घालून म्हणाले, "आता साहेबाला काय देऊ?"

मी तो पेला काठोकाठ भरला आणि ह्यांच्या हातात दिला.

"हेच द्या. विचारलं तर सांगा, पोटाचं औषध आहे."