पाचवी ओळ

नंबरकाकांना माणसं नावापेक्षा नंबराने जास्त लक्षात राहत. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. बाल्कनीत उभे राहिले की खालून जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद मनातल्या मनात उघडायची. हा उणे तीन, दोन वर्षं फिरकलेला नाही. ही अधिक दीड, पण वय लपवायचं म्हणून चष्मा पर्समध्ये. बेकरीवाल्याचा डावा डोळा आळशी, आणि बेकरीवालाही.

त्यांची खरी ख्याती मात्र वेगळीच होती. गाडीच्या परवान्यासाठी डोळ्यांचा दाखला लागतो आणि तो मागायला येणारी मंडळी बाकावर बसल्या बसल्या भिंतीवरच्या अक्षरांचा तक्ता पाठ करून टाकतात. काका त्यांना बरोबर पकडायचे. त्यांची पाठ वळली की तक्ता उलटा करायचा. मागच्या बाजूला आकडे छापलेले. पाठांतरवाला खुर्चीत बसून आकड्यांच्या जागी धडाधड अक्षरं म्हणायला लागला की काका त्याला पूर्ण ओळ म्हणू द्यायचे, मग शांतपणे विचारायचे, "गाडीसुद्धा पाठ करूनच चालवणार का?" हा किस्सा त्यांनी घरी जेवताना शंभरदा सांगितला असेल. काकू शंभरदा हसल्या होत्या.

या काकूंच्या डोळ्यांच्या पडद्यावर दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना काहीतरी दिसलं. अगदी मधोमध, जिथून माणूस वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथे. डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की सध्या काही करायचं नाही, पण लक्ष ठेवा. दर सहा महिन्यांनी इथे दाखवा. आणि मधेच नजर एका ओळीनेही उतरली तर त्याच आठवड्यात घेऊन या, इंजेक्शनने थांबवता येतं. उशीर झाला तर नाही.

काकूंना इंजेक्शनचं काही कळता कामा नये, असं काकांनी हॉस्पिटलच्या जिन्यावरच ठरवलं. डोळ्यात सुई म्हटल्यावर बाई झोपणार नाही. त्यांना एवढंच सांगितलं, की वयाप्रमाणे थोडं आहे, महिन्यातून एकदा आपण खाली तपासत जाऊ, नुसती औपचारिकता म्हणून. त्याच दिवशी त्यांनी एक कार्ड बनवलं. दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान उघडायच्या आधी, काकू खुर्चीत बसत, एकेक डोळा झाकून पाचवी ओळ वाचत आणि काका कार्डावर लिहीत: पाच. पुढल्या महिन्यात पुन्हा पाच. सहा महिन्यांनी हॉस्पिटलात जायची वेळ आली तेव्हा त्यांनी फोनवरच कळवलं की नजर स्थिर आहे. तिथे तीन तास बसवून जे सांगतात ते मी तीन मिनिटांत सांगतो, असं ते थोरल्या मुलीला म्हणाले. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघितलेल्या माणसाला तेवढा तोरा शोभून दिसायचा.

काकूंनी या सगळ्यात एकच गोष्ट मागितली होती. त्यांनी समुद्र पाहिला होता तो बंदरातला. क्रेन, पिंपं, पाण्यावर तेलाचा तवंग. त्यांना मोकाट समुद्र बघायचा होता. कडे, पक्षी, वाळूत उगवलेलं गवत, आणि करायला काही नाही. सगळ्यांनी मिळून जायचं आणि नुसतं बसायचं. पहिल्या वर्षी धाकट्या मुलाची परीक्षा आली. मग शाळा उघडायचे दिवस आले आणि दुकानात पोरांच्या चष्म्यांची रांग लागली. मग थोरलीची रजा नामंजूर झाली. दर वेळी काका कार्ड काढून बघायचे आणि म्हणायचे, पाच आहे, घाई नाही.

या खेपेला मात्र जमत आलं होतं. थोरली आणि धाकटा दोघंही परगावी नोकरीला. दोघांच्या सुट्ट्या दोन महिन्यांनंतर एकाच आठवड्यात बसत होत्या. थोरलीने निवांतपणाचं वेळापत्रक करून पाठवलं होतं. साडेसहाला सूर्योदय, साडेसात ते नऊ पक्षी, नऊ ते दहा काहीही न करणे. धाकट्याने त्यावर विचारलं होतं, की काहीही न करायला पाच मिनिटं उशीर झाला तर चालेल का. मग तिने किनाऱ्यावरच्या तीन घरांचे फोटो पाठवले आणि फर्मान काढलं की घर आई निवडेल.

रविवारी दुपारी काकांनी दुकानातल्या प्रिंटरवर तिन्ही फोटो छापले आणि ताव तसेच उचलून वर आणले. काकूंनी टेबलापाशी बसून एकेक हातात घेतला. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर जरा थांबल्या.

"हे बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "मोकळं आहे. आजूबाजूला गर्दी नाही."

काकांनी कागद घेतला. तो कोरा होता. प्रिंटरची शाई दुसऱ्या फोटोलाच संपली होती.

ते मोठ्याने हसले. काकूंना अशी गंभीर चेहऱ्याने थट्टा करायची सवय होतीच. काकूही हसल्या, पण किंचित मागून; काका कशाला हसतायत ते आधी ऐकून घेतल्यासारख्या. तो किंचित उशीर दुसऱ्या कुणाला कळला नसता. काकांचं पोट त्या उशिरावर चाललं होतं. बाकावरचे पाठांतरवाले अक्षर म्हणण्याआधी तेवढेच थांबतात.

त्यांना मग एकेक आठवायला लागलं. बाई घरात नीट फिरते, सांडत नाही, अडखळत नाही; खरं, पण कडेची नजर शाबूत असली की फिरता येतंच, हे आपण गिऱ्हाइकांना सांगतो. वर्षभर ती बोलताना आपल्या कानाकडे बघते. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर बायको तोंडाकडे बघत नाही यात विशेष काय, असं ते धरून चालले होते.

एक तारीख दुसऱ्याच दिवशी होती. संध्याकाळी दुकानात जाऊन त्यांनी तक्ता उलटा केला. पितळी खिळा दोनदा निसटला.

सकाळी काकू नेहमीसारख्या खुर्चीत बसल्या, डावा डोळा तळहाताने झाकला, मान ताठ केली.

"पाचवी," काका म्हणाले.

"ग, प, र, ल, ट, न," काकूंनी वाचलं. मधे कुठेही अडल्या नाहीत. 'ल'ला थोडा वेळ लावला, तोसुद्धा अगदी खरा वाटेल असा. मग दुसरा डोळा झाकला आणि पुन्हा तेच वाचलं.

भिंतीवर सहा आकडे होते. काकांनी त्यांना पूर्ण ओळ म्हणू दिली. पुढचं नेहमीचं वाक्य काही तोंडातून फुटलं नाही. ते स्टूल ओढून समोर बसले आणि म्हणाले, "अगं, तक्ता उलटा आहे."

काकूंनी हात खाली घेतला. त्या त्यांच्या कानाकडे बघत राहिल्या.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"दीड वर्ष होईल. पहिल्यांदा एकच अक्षर दिसेना. तीस वर्षं या तक्त्यावरची धूळ पुसते आहे, मला ते ठाऊकच होतं, म्हटलं सांगून टाकू. तुम्ही लगेच कार्डावर लिहिलंत आणि शीळ वाजवत शटर उघडलंत. पुढच्या महिन्यात दोन अक्षरं गेली. म्हटलं, असू दे, नुसती औपचारिकताच आहे, बिचाऱ्याचा जीव कशाला टांगणीला लावा."

"इंजेक्शन होतं गं त्यावर," काका म्हणाले. "एक ओळ उतरली की लगेच द्यायचं. थांबलं असतं."

"हे मला कुठे सांगितलं होतंत?"

"तू घाबरशील म्हणून."

बाहेर कुणीतरी शटरवर टकटक केली, थोडं थांबलं आणि निघून गेलं. हिशेब सरळ होता. तिने त्यांना जपलं, त्यांनी तिला जपलं, आणि त्या जपण्यात अठरा महिने गेले.

त्याच दिवशी ते हॉस्पिटलात गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं की मधे कुणी तपासत नव्हतं का. काकांनी खिशातलं कार्ड काही बाहेर काढलं नाही. दोन्ही डोळ्यांत मधोमध व्रण तयार झाला होता. आता सुईचा उपयोग नव्हता. कडेचं दिसत राहील, उजेड कळेल, हालचाल कळेल. वाचणं आणि चेहरे, नाही.

बाहेरच्या बाकावर काका म्हणाले की आपण दोघं उद्याच निघू, मुलं मागून येतील.

"आणि उद्या जाऊन मला काय जास्त दिसणार आहे?" काकूंनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच काकांना तो ऐकवेना. "सगळे मिळून जायचं ठरलंय, सगळेच जाऊ. आणि हे बघा, मुलांना आत्ता सांगायचं नाही. तिथे शेवटच्या दिवशी सांगू. नाहीतर आठ दिवस समुद्राकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत बसतील."

काकांनी सांगून पाहिलं की लपवालपवीनेच तर हे झालं. काकू म्हणाल्या, कबूल. पण आता लपवून बिघडायला काय उरलंय ते सांगा.

संध्याकाळी थोरलीचा व्हिडिओ कॉल आला. तिसरं घर नक्की करायचं का, म्हणून तिने त्याचे आणखी फोटो मिळवले होते आणि ते एकेक करून पडद्यावर दाखवत होती. काका काकूंच्या शेजारी खुर्ची चिकटवून बसले, तोंडासमोर कप धरला आणि कपाच्या आडून हळूच म्हणाले, "पायऱ्या. थेट वाळूपर्यंत."

"पायऱ्या बऱ्याच दिसतायत गं," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाबांचे गुडघे आहेत ना."

थोरली हसली. पुढचा फोटो आला. मोठा काळा कडा, खाली फेस, आणि दगडांच्या खाचांतून शेकडो पक्षी बसलेले.

"आई, हा कडा घराच्या मागेच आहे. पक्षी दिसतायत का तुला?"

काकू थांबल्या. काकांनी कपात बघत सांगितलं, "डावीकडे वर. पांढरे. दोन उडतायत."

"डावीकडे वर बसलेत ते पांढरे ना?" काकूंनी मान थोडी पुढे नेत विचारलं. "आणि दोन उडतायत. दिसले की."

थोरली खूश झाली. फोटो इतका बारीक, मलासुद्धा नीट दिसत नव्हते, तुझी नजर अजून शाबूत आहे, असं म्हणाली आणि पुढचा, मोकाट समुद्राचा फोटो दाखवायला लागली. काकूंनी टेबलाखालून काकांचा गुडघा दाबला, की आता काय आहे ते सांगा. काकांनी कप पुन्हा तोंडापाशी नेला. तिकडे थोरली वाट बघत होती आणि इकडे काकू त्या पडद्याच्या थोड्या बाजूला, भिंतीकडे बघत हसऱ्या चेहऱ्याने थांबल्या होत्या.

"पाणी आहे," काका शेवटी म्हणाले. "नुसतं पाणी."