चौदावी नोट

काचेच्या काउंटरवर दहाच्या चौदा नोटा होत्या. सगळ्यांवर जॉर्ज राजाचे चित्र, आणि तेरा नोटांच्या कोपऱ्यात निळ्या शाईची बारीक सही. सही माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकांची, मधुकररावांची. ते निवृत्त बँक कॅशियर. त्यांच्या ट्रंकेतल्या डब्यात या नोटा मलाच सापडल्या होत्या.

महाल पेठेतले जुन्या नोटांचे हे चौथे दुकान. आधीच्या तिघांनी तीन भाव सांगितले होते. एकाच वस्तूची तीन मापे इतकी वेगळी येत असतील, तर मोजपट्टीच नाही असे समजायचे. मी वैतागलो होतो.

दुकानदार ओमप्रकाशने भिंग खाली ठेवले. "सहीनं मातेरं केलं, काकाजी. शौकिनाले कोरी नोट लागते. ह्या तेरा छापील किमतीत घेतो. एकशे तीस."

"सही नसती तर?" मी विचारले.

"तर काकाजी मोटारीतून घरी गेले असते." त्याने चौदावी उजेडात धरली. "ही मात्र कोरी हाय. हिचे साडेतीनशे."

म्हणजे चारशे ऐंशी. धंतोलीच्या डॉक्टरांनी काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे साडेचारशे सांगितले होते. मी हो म्हणणार, तोच काकांनी हात पुढे केला. नोट अंगठ्याखाली फिरवली.

"ही विकायची नाही. खोटी हाय."

ओमप्रकाश हसला. "तुम्हाले तर मी बी दिसून नाही राहिलो."

"तू नाही दिसत. नोट कळते गा. पंचेचाळीस साली कॅशमध्ये आली. माझी चूक होती, मी पगारातून दहा रुपये भरले. पारखलेल्या नोटेवरच मी सही करत होतो. हिच्यावर काहून करीन?"

ओमप्रकाशने आवाज उतरवला. "मले चालते, काकाजी. घेणाऱ्याले कुठं कळते?"

"मले कळते ना."

चौदाही नोटा घेऊन आम्ही बाहेर पडलो. रिक्षात मी न राहवून बोललो, "सत्तावीस वर्षं झाली. अंगठा चुकू नाही शकत?"

"तू मोजणारा माणूस. मोजून पाह्य."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाडी मोजायचा स्क्रूगेज घेतला. प्रत्येक नोट पाच ठिकाणी मोजली. उत्तर अमुकच यावे अशी इच्छा धरून मी याआधी कधी माप घेतले नव्हते. चौदावी पुन्हा मोजली, आणि पुन्हा एकदा.

तेरा नोटांची सरासरी जाडी ०.१० मिलिमीटर. चौदावीची ०.१३.