एकेचाळीस होकार

आमच्या लोकांत गोष्ट सांगायला दोन माणसं लागतात. एक सांगणारा, एक होकारी. सांगणारा थोडं सांगून थांबतो, होकारी ‘हं’ म्हणतो, मग गोष्ट पुढे सरकते. होकारी गप्प राहिला तर गोष्ट तिथल्या तिथे उभी. मामाने एकदा मोबाइलसमोर बसून गोष्ट रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला होता. मोबाइल ‘हं’ म्हणेना. मामा पहिल्या वाक्याच्या पुढे गेला नाही, उलट मोबाइललाच म्हणाला, “शिकवलं नाही वाटतं कुणी.”

मी सहा वर्षांचा असल्यापासून मामाचा होकारी. वीस वर्षं, एकच गोष्ट. तिच्यात एकूण एकेचाळीस होकार आहेत. एकतीस साधे, सहा लांब, तीन घाबरलेले आणि एक हसरा. हसरा एकोणतिसावा. मी त्या विनोदाला वीस वर्षं हसत आलोय. विनोद काय आहे ते मला माहीत नाही.

कारण गोष्ट जुन्या बोलीत आहे आणि मला त्यातलं रुपयात चार आणे कळतं. एक बाई आहे, एक डोंगर आहे, मग बरंच काहीतरी होतं आणि डोंगर राहत नाही. अर्थ विचारला की मामा म्हणायचा, “तू श्वासाकडे लक्ष दे. मी श्वास घेतला की तू हं म्हण. अर्थ तुझी पाळी आली की सांगीन.” पाळी कधी येणार? तर सांगणारा गेला की. आधी अर्थ विचारणं म्हणजे त्याला घाई केल्यासारखं. ही पद्धत कुणी बसवली माहीत नाही, पण ज्याने बसवली त्याने पुढचा विचार फारसा केला नसावा.

मामा चार महिन्यांपूर्वी गेला. त्या बोलीत बोलणारं आता कुणी नाही. आई शहरात वाढली, तिला त्यातलं फक्त ‘चप्पल बाहेर काढ’ एवढं येतं.

मूळ रहिवाशांच्या कला, भाषा आणि संस्कृतीच्या महोत्सवात मामाचं नाव आधीच छापलेलं होतं. महोत्सव एका क्रीडा सभागृहात. जमिनीवर बास्केटबॉलच्या रेषा, बास्केटखाली मंच, आणि वेळ दाखवायला गुणफलक. पाटी सामन्याचीच होती: यजमान शून्य, पाहुणे शून्य, वीस मिनिटं बाकी. संयोजकाच्या गळ्यात शिट्टी होती आणि सगळे त्याला शिट्टीच म्हणत होते. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

“मामांचं कळलं. फार वाईट झालं. तुमचा नंबर साडेअकराला.”

“मला गोष्ट येत नाही हो.”

“असं कसं? वीस वर्षं ऐकताय ना?”

“माझं काम हं म्हणायचं होतं.”

“मग हं म्हणा,” शिट्टी म्हणाला. “सकाळी एकाने वीस मिनिटं दगडावर दगड वाजवला. लोक उभे राहून टाळ्या देत होते. बिनधास्त म्हणा.”

शेजारच्या टेबलावर टोपल्या विणणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “एकटाच बसणार वर?”

“दोन खुर्च्या मागितल्यात.”

“दुसरी कशाला रे बाबा?”

“मामाची.”

मावशींनी एक काडी दातांत धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

मी हे का करत होतो ते सांगतो, नाहीतर मला वेड लागलंय असं वाटेल. माझा हिशोब असा होता: होकार सगळे जागच्या जागी ठेवले, मधल्या थांब्यांची लांबी बरोबर ठेवली, तर मधली गोष्ट आपसूक येऊन बसेल. दात पडला तरी जिभेला खाच माहीत असते, तसं. घरी मी करून पाहिलं होतं, पण घरी समोर भिंत होती. इथे माणसं असतील. आज आली तर आली. नाहीतर ती बाई आणि तो डोंगर जगात कुणाकडेच नाहीत.

साडेअकराला मी बसलो. समोर साठेक खुर्च्या, पंधरा माणसं, त्यांतली चार आपापली पिशवी सांभाळायला बसलेली. मी रिकाम्या खुर्चीकडे वळलो. थांबलो. म्हणालो, “हं.”

लोकांना वाटलं माइक तपासतोय.

“हं.” थांबा. “हं.” पाचवा लांब होता, तोही केला. कुणीतरी खुदकन हसलं आणि शेजारणीने त्याला गप्प केलं, बहुधा ही प्रार्थना असावी अशा समजुतीने. सातवा, आठवा. मामा कुठे श्वास घ्यायचा ते मला अंगात कळत होतं. शब्द येत नव्हते. नववा पहिला घाबरलेला. मी घाबरलो. कशाला, पत्ता नाही. बाराव्यानंतर फार मोठा थांबा आहे, आणि त्या थांब्यात मला सभागृहातल्या पंख्याचा आवाज ऐकू आला. फक्त पंख्याचा. तेव्हा मला कळलं की गोष्ट येणार नाही.

तरी मी तेरावा म्हणालो. उठून कुठे जाणार? फलकावर तेरा मिनिटं बाकी होती, पाहुणे अजून शून्यावर.

एवढ्यात एक आजी पायऱ्या चढून मंचावर आल्या आणि मामाच्या खुर्चीत बसल्या. दर रविवारी या वेळी तिथे गुडघ्यांच्या व्यायामाचा वर्ग असतो. आज नाही हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. रिकामी खुर्ची दिसली, समोर एक तरुण बसलेला दिसला, त्या बसल्या. दोन्ही पाय सरळ करून म्हणाल्या, “डावा जास्त दुखतो.”

मी काय म्हणणार? चौदावा साधाच होता. “हं.”

“मागचे मास्तर असं ऐकून घेत नव्हते,” आजी म्हणाल्या. “नुसतं वाका, वाका. हा डावा दुखायला लागला तो हे गेले तेव्हापासून. त्या दिवशी मी यांचा एक बूट लपवला होता.”

“हं.”

“डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हटलेलं. आणि यांना दाढी करायला न्हाव्याकडेच जायचं असायचं. घरी केली की म्हणे, चेहरा आपला वाटत नाही.”

मी मामाच्या गोष्टीचेच होकार क्रमाने देत होतो. दुसरे मला येत नाहीत. गंमत म्हणजे ते बसत होते. अठरावा लांब, तेव्हा आजोबा एका पायात बूट आणि एका पायात आजींची फुलाफुलांची चप्पल घालून जिना उतरत होते. बाविसावा घाबरलेला, तेव्हा न्हाव्याचा फोन आला. मंचाखाली शिट्टीने एका मुलीला कानात सांगितलं, “पाहिलंस? बाईसुद्धा आणलीय. काय तयारी आहे!”

“मी धावत गेले,” आजी म्हणाल्या. “तेव्हाच हा गुडघा मुरगळला. तर हे खुर्चीत. एक गाल केलेला, दुसऱ्यावर साबण. गेलेले.”

अठ्ठाविसावा मी कसाबसा दिला. पुढचा हसरा होता. वीस वर्षं तो चुकला नव्हता, छातीतून वर यायलाही लागला होता. मी ओठ घट्ट मिटले. गोष्ट थांबली. आजीही थांबल्या.

“न्हावी बिचारा तसाच उभा,” त्या हळूच म्हणाल्या. “वस्तरा हातातच. मला म्हणतो, वहिनी, दुसरा गाल करून देऊ का?”

मी ओठ आणखी दाबले.

“हस की मेल्या,” आजी म्हणाल्या. “हसण्यासारखंच आहे ते. कर म्हटलं त्याला. यांना अर्धवट काम कधी चालायचं नाही.”

मी हसलो. मोठ्याने, माइकमध्ये. पहिल्यांदाच मला माहीत होतं कशाला हसतोय ते. आजी हसल्या, पंधरा माणसं हसली. मग माझं हसू नको तिकडे वळायला लागलं म्हणून मी पायांकडे पाहिलं.

“पण खरी गोष्ट ही नाहीच,” आजी डोळे पुसत म्हणाल्या. “खरी गोष्ट त्या लपवलेल्या बुटाची. तो मी ठेवला होता...”

“आई!” एक बाई सभागृह ओलांडून येत होती. “वर कशाला जाऊन बसलीस? वर्ग नाहीये आज. चल, गाडी चुकीच्या जागी लावलीय.”

“आले, आले. या मास्तरांचं जरा...”

“चल गं.”

आजी उठल्या. माझ्या खांद्यावर हात टेकून पायऱ्यांपर्यंत गेल्या. “छान शिकवता,” म्हणाल्या. “डाव्याला बरं वाटतंय. पुढच्या रविवारी आहात ना?”

“नाही. एकच दिवस आहे.”

“अरेरे,” त्या म्हणाल्या. अगदी मनापासून.

टाळ्या झाल्या. शिट्टी म्हणाला की पुढच्या वर्षी चाळीस मिनिटं देतो, आजींना घेऊनच या. मी बरं म्हणालो. बारा होकार शिल्लक होते.

मंचावरून दार दिसत होतं. आजी लेकीच्या हाताला धरून बास्केटबॉलच्या रेषांवरून हळूहळू चालल्या होत्या आणि बोलत होत्या. हाताने बुटाची लांबी दाखवत होत्या. लेक दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी शोधत होती. आजी थांबायच्या, तिच्याकडे बघायच्या. लेकीकडून काही यायचं नाही. मग त्या पुन्हा पहिल्यापासून लांबी दाखवायच्या.

मी माइक बंद केला. त्या थांबल्या की मी म्हणत होतो, “हं.” त्या दारातून बाहेर जाईपर्यंत तिसावा, एकतिसावा आणि बत्तिसावा झाला. मग पुढची मंडळी ढोल घेऊन वर चढली, आणि त्यांतला एक जण म्हणाला, “भाऊ, खुर्ची रिकामी करता का?”