पट्टी सोडवण्याचा वेळ

दवाखान्यांना कोणत्या कामाचे सरकारने किती पैसे द्यायचे, याचे नियम लिहिणं हे तिचं काम. नवे नियम पक्के करण्याआधी मसुदा दवाखान्यांना पाठवून त्यांचं म्हणणं मागवलं होतं. दोनशेच्या वर फॉर्म आले. बहुतेकांनी ‘दर वाढवा’ एवढं लिहून हात झटकले होते. एका फॉर्मवर मात्र कुणा नर्सने बारीक अक्षरात विचारलं होतं, ‘जुनी पट्टी सोडवणं कुठे लिहायचं?’

मसुद्यात ड्रेसिंगला पंधरा मिनिटं धरली होती. पट्टी सोडवायला असा कितीसा वेळ लागणार? पण तिच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच.

“अहो, एका ओळीपायी कुठे धावताय? उत्तर पाठवा आणि मोकळ्या व्हा,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या दवाखान्यात हजर.

नर्सबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. “ऑफिसातून स्वतः आलात? मग हात धुवा आणि ही बाटली धरा.”

खुर्चीत एक शिंपीकाका बसले होते. मधुमेहाने पायाला जखम झालेली, पट्टी जखमेला घट्ट चिकटलेली. नर्सबाई त्यावर थेंब थेंब सलाईनचं पाणी सोडत होत्या.

“ओढली तर?” तिने विचारलं.

“आठवडाभर भरून आलेली नवी कातडी पट्टीबरोबर येईल.”

दहा मिनिटं झाली. पट्टी जेमतेम बोटभर सुटली.

“तोवर दुसरा मोजा काढा बघू,” नर्सबाई काकांना म्हणाल्या.

“तो पाय ठणठणीत आहे हो!”

“असू दे. बघायला काय जातंय?”

काकांनी कुरकुरत मोजा उतरवला. तळव्यात एक टाचणी रुतली होती, पार डोक्यापर्यंत.

“ही कधीपासून?” तिच्या तोंडून निघालं.

“काय कधीपासून?” काकांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मधुमेहाने पाय बधिर झालेले; त्यांना काहीच कळलं नव्हतं.

नर्सबाईंनी शांतपणे टाचणी उपसली. “हे असं सापडतं, पट्टी भिजेपर्यंत,” त्या म्हणाल्या.

ती तीन दिवस तिथेच घड्याळ घेऊन बसली. पट्टी सोडवून दुसरा पाय तपासायलाच सरासरी वीस मिनिटं लागत होती, ड्रेसिंग वेगळंच. साहेबांनी आकडे दोनदा वाचले. “आणि ती टाचणी खरंच कळली नव्हती त्यांना?” त्यांनी विचारलं, आणि सही केली.

नियमात त्या कामासाठी वेगळी ओळ आली. रुग्णाच्या घरी जाऊन केलेलं ड्रेसिंग मात्र वरच्यांनी त्यातून वगळलं.

तिने नर्सबाईंना फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या.

“निम्मं तरी झालं,” त्या म्हणाल्या. “पण ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांचं काय?”

“तुम्ही जाता त्यांच्याकडे?”

“जाते की.”

“कधी निघता?”

पलीकडून हसू आलं. “उद्या आठला. चपला मजबूत घाला.”